कू मिस्त्रींची हार्ड डिस्क

१२ मार्च २०१८ रोजी मी नगर कार्यालयाचे दोन हजार तीनशे नव्वद तैवानी डॉलर वाचवले. एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कची ती किंमत. मागणीपत्रात दोन डिस्क होत्या. मी लाल पेनाने एक खोडली आणि समासात लिहिलं, 'एक पुरेशी आहे.' खाली सही आणि शिक्का. चौतीस वर्षं लेखा विभागात काढलेला माणूस असं काही वाचवलं की दुपारी दोन घास जास्त जेवतो. मीही जेवलो.

मागणी कू तिंग-फा याची होती. खेंगवेई गावात त्याला सगळे कू मिस्त्री म्हणत. सतरा वर्षं त्याने लॅपटॉप बनवण्याच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभं राहून स्क्रू पिळले. मग तो पट्टाच समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर गेला आणि मिस्त्री इकडे राहिला. हातात आली ती नुकसानभरपाई आणि कारखान्याने टाकून दिलेले चाळीस जुने लॅपटॉप. त्याची बायको लान-मेई बाजाराच्या तोंडाशी केस कापायचं दुकान चालवते. तिने दुकानाच्या मधोमध पडदा लावला, पलीकडची अर्धी जागा नवऱ्याला दिली आणि म्हणाली, "भाडं नको. पण माझ्या गिऱ्हाइकांसमोर शिव्या द्यायच्या नाहीत." अलीकडे ड्रायर घोंघावायचे, पलीकडे मिस्त्री कीबोर्ड उलटा करून त्यातून बायकांचे केस झाडायचा. त्या दुकानात मी कधी चहा घेतला नाही. कपात नेहमी एक तरी केस असायचा.

ते चाळीस लॅपटॉप इतके मंद होते की विंडोज सुरू होईपर्यंत माणसाची दाढी वाढावी. मिस्त्रीने सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. हे फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर पळतं आणि दर चार वर्षांनी नवं विकत घ्या म्हणून मागे लागत नाही, एवढं त्याने मला सांगितलं होतं. त्यातले बरेच त्याने चहाच्या मळ्यातल्या बायकांना गाणी ऐकायला दिले. एक स्वतःला ठेवला. जाड, काळा, 'एन' अक्षराचं बटण गेलेला. त्या खळग्यात तो नखाने दाबायचा.

त्या वर्षी गावाच्या पश्चिमेची जुनी स्मशानटेकडी उकरून तिथे वाहनतळ आणि बाग करायचं ठरलं. दोन हजार तीनशे सोळा थडगी. आमच्याकडे मातीत ठेवलेली हाडं काही वर्षांनी वर काढून, पुसून, कुंभात ठेवतात, त्यामुळे उकरण्याचं कुणाला वावडं नव्हतं. प्रश्न ओळखीचा होता. ठेकेदार हाडं काढणार, कुंभावर फक्त थडग्याचा क्रमांक टाकणार आणि दगड तिथेच फोडून भरावात घालणार. कोणत्या क्रमांकाखाली कोण होतं, हे सांगणारी एकच गोष्ट उरणार होती: कू मिस्त्रीने काढलेले फोटो. एकतीस ऑक्टोबरपर्यंत ज्या कुंभाला वारस मिळणार नाही, तो सामायिक मनोऱ्यात जाणार आणि मनोरा कायमचा बंद होणार.

शहाण्णव हजारांचं ते काम मिस्त्रीला मिळालं, कारण त्याच्या खाली कुणी बोली लावली नाही.

काम त्याने असं केलं की पाहणाऱ्याला राग यावा. एका थडग्याचे चार फोटो. समोरून एक, बाजूने आरसा धरून उजेड पाडून एक, नैवेद्याच्या दगडाचा एक आणि चार पावलं मागे जाऊन आजूबाजूचा एक. ज्या दगडांवरची अक्षरं गेली होती त्यांना तो आधी दात घासायच्या ब्रशने धुवायचा. लान-मेई म्हणायची, "माझ्या बापाची कबर साफ करायला याला सवड नव्हती. आता अख्ख्या गावाचे बाप धुतोय." प्रत्येक फोटोला तो संध्याकाळी नाव द्यायचा: क्रमांक, आडनाव, नाव, साल. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की डिस्कवर उतरवायचं, कार्ड पुसायचं, परत टेकडीवर. लॅपटॉपमध्ये एवढी जागाच नव्हती. म्हणून त्याने दोन डिस्क मागितल्या होत्या, एक कामाची आणि एक तिची नक्कल.

मे महिन्यात तो पहिल्या सहाशे थडग्यांचं काम दाखवायला कार्यालयात आला. तेव्हा डिस्क नेहमीच्या पद्धतीची होती, आमच्या संगणकावर उघडली. नागरी विभागाच्या चुंगबाईंनी पाच फोटो पाहिले, "छान" म्हणाल्या आणि तार सरळ उपटली.

"अहो, अहो! आधी यंत्राला सांगायचं असतं, काढतोय म्हणून," मिस्त्री म्हणाला.

"काय सांगायचं त्याला? माझा नवरा आहे का तो?" चुंगबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांना तळलेल्या कोंबडीचं तेल होतं. डिस्कवर त्याचा ठसा उमटला होता, मला तो अजून दिसतो.

घरी गेल्यावर त्या डिस्कने लिनक्सवर नुसतं वाचू दिलं, लिहू देईना. विंडोजने तिला अर्धवट उघडी टाकली होती आणि लिनक्स तसल्या उष्ट्या ताटात हात घालत नाही. मिस्त्रीने दोन दिवस खटपट करून सगळं उसन्या यंत्रांवर तात्पुरतं हलवलं आणि डिस्क लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने पुन्हा बांधून घेतली. "आता ही तुमच्याकडच्या यंत्रांना कळणार नाही, पण टेकडीवर मला दगा देणार नाही," असं त्याने मला बाजारात थांबवून सांगितलं. मी मान हलवली. मला त्यातलं काही समजलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

ठेकेदाराने भुतांचा महिना लागायच्या आत, म्हणजे दहा ऑगस्टपर्यंत, टेकडी रिकामी केली. त्या महिन्यात आमच्याकडे कुणी जमीन उकरत नाही. कुंभ पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने लावले, कामगारांच्या फिरत्या संडासाला लागून. दगड फोडून झाले होते. मी बिलं तपासायला गेलो तेव्हा एक कामगार कुंभाच्या झाकणावर सिगारेट विझवत होता. मी त्याला काही बोललो नाही. बिलात झाकणांचा दर बरोबर होता.

चौदा ऑगस्टला सकाळी साडेदहाला मिस्त्रीच्या कामाची स्वीकृती तपासणी ठेवली. टेबलाशी नागरी विभागाचे प्रमुख ल्यू, चुंगबाई आणि मी. मिस्त्रीने पिशवीतून लॅपटॉप काढला.

"हे बाजूला ठेवा," मी म्हणालो. "तपासणी कार्यालयाच्याच संगणकावर व्हायला हवी. कलम सात. ठेकेदाराच्या यंत्रावर काय दिसतं याला अर्थ नाही."

"साहेब, तुमच्या यंत्राला ही डिस्क दिसणारच नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मग दिसेल अशी करून द्या."

"देतो की. एक कोरी डिस्क द्या, इथे बसून तुमच्या डोळ्यांसमोर उतरवतो."

"तरतूद नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मार्चमधली लाल रेघ दोघांनाही आठवत होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "बाजारातून माझ्या पैशाने आणतो. वीस मिनिटं. मी येईपर्यंत हिला हात लावू नका."

"मिस्त्री, ही काय तुमची नवरी आहे?" ल्यू म्हणाले. चुंगबाई हसल्या. मीही हसलो.

तो गेला. दहा मिनिटांनी ल्यूंनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला, कचऱ्याच्या डब्यात सुपारीचं लाल थुंकले आणि म्हणाले, "बारा वाजता मला जेवायला जायचंय. लावा बरं ती. बघू काय दिसत नाही ते."

चुंगबाईंनी तार जोडली. पडद्यावर चौकट आली. "सर, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल म्हणतंय. करू का?"

"विचारतंय ना? मग हो म्हणा. सरकारी यंत्राला नाही कशाला म्हणायचं?"

"कू मिस्त्री म्हणाला होता, हात..."

"तो काय विभागप्रमुख आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तपासणीत लेखा विभागाची हरकत असेल तर काम थांबतं, हा नियम माझाच. मी घड्याळाकडे पाहत होतो. मी म्हणालो, "नोंदीत लिहा, डिस्क अकरा वाजून दोन मिनिटांनी उघडली."

एक टिचकी. काही सेकंदात डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं, लख्ख कोरी. ल्यू म्हणाले, "कोरी डिस्क देऊन शहाण्णव हजार घेणार होता काय?" मग डिस्क चालते की नाही हे पाहायला चुंगबाईंनी तिच्यावर नगराध्यक्षांच्या वृक्षारोपणाचे आणि चहा महोत्सवाचे व्हिडिओ टाकले. अकरा गिगाबाइट. 'चालते' असं नोंदीत आलं. ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

मिस्त्री धापा टाकत आला, नवी डिस्क छातीशी धरून. पडद्यावर नगराध्यक्ष रोपाला पाणी घालत होते. मग खाली बसून त्याने आधी यंत्राला सांगितलं, डिस्क काढतोय, आणि मग तार काढली. आवाज न चढवता म्हणाला, "आता हिच्यावर कुणीही काहीही लिहायचं नाही." डिस्क शर्टात घालून तो निघून गेला. लॅपटॉप टेबलावरच राहिला. तो मी संध्याकाळी दुकानात नेऊन दिला. लान-मेईने तो माझ्या हातातून घेतला आणि पडदा ओढला.

त्यानंतर कार्यालयात चौकशीची बैठक झाली. तिच्याइतकं ओंगळ मी नोकरीत काही पाहिलं नाही आणि मी पूर, निवडणुका आणि डुकरांची साथ असं सगळं पाहिलं आहे. आमच्याकडे प्रत्येक संगणकावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच हवं आणि त्याची तारीख उलटलेली नको. चुंगबाईंच्या संगणकावरच्या पाकिटाची तारीख जूनमध्ये उलटली होती. पाऊण तास आठ शिकलेली माणसं त्या पाकिटावर बोलली. कुणी बदलायचं होतं, खर्च कुठल्या शीर्षकाखाली पडतो, हे मलाही विचारलं. शेवटी ल्यूंनी पाकीट फोडलं. "दोन महिन्यांनी काय बिघडतं?" असं म्हणत ते खाऊ लागले आणि बोटं चाटून तीच बोटं चौकशीच्या कागदांवर फिरवली. निष्कर्ष आला तो असा: ठेकेदाराने अप्रचलित प्रणाली वापरल्यामुळे विलंब. करारानुसार दररोज एक हजारांश दंड. दंड मोजायचं काम माझं. दिवसाला शहाण्णव डॉलर.

मिस्त्री भांडायला आला नाही. त्याने स्वतःच्या पैशाने आणखी एक मोठी डिस्क घेतली, पुसलेल्या डिस्कची अक्षर न् अक्षर नक्कल तिच्यावर उतरवली आणि त्या नकलेतून फोटो शोधून काढणारा कार्यक्रम रात्रंदिवस चालवला. फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं, असं त्याने मला नंतर समजावलं. पानं आत असतात, पण कुठलं पान कुठे ते कुणाला माहीत नसतं. नऊ हजार दोनशे चौसष्ट फोटोंपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी नगराध्यक्षांच्या रोपाखाली कायमचे गेले. बाकीचे परत आले, पण नावाशिवाय. चार महिने रोज संध्याकाळी दिलेली क्रमांकाची, आडनावाची, सालाची सगळी नावं गेली होती. दगड दिसत होते, पण क्रमांकाच्या खुंट्या दगडांमागे गवतात ठोकलेल्या, त्या फोटोत क्वचितच आल्या होत्या. ते कोणत्या कुंभाचे, ते कळत नव्हतं.

एक धागा उरला होता. कॅमेरा प्रत्येक फोटोत वेळ लिहून ठेवतो आणि मिस्त्री क्रमांकाच्या ओळीने चालला होता. वेळेप्रमाणे लावले की फोटो रांगेत यायचे. पण जिथे फोटो गेले होते, जिथे गांधीलमाश्यांमुळे तो ओळ सोडून पळाला होता, तिथे रांग तुटायची. मग चौथा फोटो बघायचा, आजूबाजूचा. कुठलं झाड, कुठली भिंत, शेजारी कोण.

आणि इथे लान-मेईने पडदा काढून टाकला. केसांना रंग लावून बसलेल्या बायकांसमोर तिने लॅपटॉप ठेवला. "नुसत्या बसलायत ना? बघा यात कुणी ओळखीचं मेलंय का."

"अगं, ही माझ्या नणंदेच्या सासऱ्याची! हा फुलदाणीचा फुटका कान बघ."

"त्यांच्या बाजूला त्या जुगाऱ्याचं थडगं होतं."

"जुगारी कुणाला म्हणतेस? माझा आजा तो!"

"म्हणजे ओळखलंस ना?" लान-मेई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. " लिही, तिंग-फा: जुगारी, आडनाव चुंग."

काळा रंग ओघळून कीबोर्डवर पडायचा. मिस्त्री तो पुसत लिहीत राहायचा. चोवीस ऑक्टोबरला त्याने यादी आणून दिली, या वेळी आमच्या यंत्राला वाचता येईल अशा डिस्कवर. दोन हजार तीनशे सोळापैकी अठ्ठावीस कुंभ सोडून सगळ्यांना नाव होतं. एकाहत्तर दिवसांचा उशीर. सहा हजार आठशे सोळा डॉलर मी त्याच्या बिलातून कापले. त्याने आकडा तपासला आणि म्हणाला, "बरोबर आहे."

त्या अठ्ठाविसांतले सात एकाच ओळीतले होते, गांधीलमाश्यांच्या. त्यात लो काकांची आई होती.

लो काका एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त बसचालक. ते पाच वर्षांचे असताना आई बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही. थडग्यावर नदीतला एक गोटा, त्यावर हाताने कोरलेलं, 'लो घरची, माहेर छिऊ.' तिचं स्वतःचं नाव दगडावरही नव्हतं. दरवर्षी ते टेकडीवर जाऊन गवत काढायचे. त्या वर्षी मार्चमध्ये खुब्याचं हाड मोडलं आणि ऑगस्टपर्यंत ते अंथरुणात होते. उठले तेव्हा टेकडी सपाट झाली होती. जागा त्यांच्या पायांना माहीत होती, पण क्रमांकाची खुंटी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

एकतीस ऑक्टोबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ते काठी टेकत शेडमध्ये आले. काखेत काळी छत्री, कारण हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं. सात कुंभ बाजूला काढून ठेवले होते. ल्यू होते, मिस्त्री होता, मी कागद घेऊन होतो.

"यातली कुठली?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका," मिस्त्री म्हणाला. "सातांतली एक. मला अजून वेळ द्या."

"वेळ आज पाचला संपतो," ल्यू म्हणाले. "काका, कशाला त्रास करून घेता? कुठलाही उचला. मी कागद करून देतो. कुणाला कळणारे?"

काका खाली वाकले. एकेका कुंभावर हात ठेवत गेले. अकराशे एकोणनव्वदवर त्यांचा हात थांबला. "ही. ही गरम लागतेय."

"ती उन्हात आहे, काका. पत्र्याला भोक आहे वर," मिस्त्री म्हणाला.

"तू गप रे! चौऱ्याहत्तर वर्षांनी आई हाताला लागली आणि तू मला पत्रा दाखवतोस?"

"मी ओळख पटली म्हणून सही करणार नाही," मिस्त्री म्हणाला. "मला माहीत नाही ते मी लिहीत नाही."

"तुझ्याच यंत्राने माझी आई हरवली!" काका त्याच्या पायाशी थुंकले. थुंकी त्याच्या चपलेवर पडली. त्याने पाय हलवला नाही. डिस्क कुणी पुसली ते सांगू शकणारी तीन माणसं तिथे उभी होती: ल्यूंना सांगायचं नव्हतं, मिस्त्रीने सांगितलं नाही आणि तिसरा मी.

ओळखीच्या कागदावर फोटो काढणाऱ्याची सही लागते. त्याने नाही केली तर कार्यालयाच्या प्रतिनिधीची. ल्यूंनी पेन माझ्यापुढे धरलं. तीन महिन्यांत मी निवृत्त होणार होतो. मला तिथला संडासाचा वास सहन होत नव्हता, घरी जायचं होतं. मी सही केली. काका कुंभ लाल फडक्यात बांधून, छातीशी धरून गेले. त्यांच्या सुनेने वर छत्री धरली होती.

सहा नोव्हेंबरला मिस्त्री माझ्या टेबलाशी आला. आल्या आल्या लॅपटॉप उघडला, डिस्क जोडली. या वेळी मी कलम सात काढलं नाही.

"अकराशे चौऱ्याऐंशीचा चौथा फोटो," तो म्हणाला. "डावा कोपरा बघा, साहेब. मोठा करतो."

कोपऱ्यात गवत होतं. गवतात अर्धा गोटा, त्यावर 'माहेर' आणि पुढच्या अक्षराचा खालचा भाग एवढंच दिसत होतं. गोट्याला टेकून लाकडी खुंटी, लाल रंगात आकडा. ११८६.

"तुम्ही ज्या बाईवर सही केलीत ती लो घरची नाही."

मनोरा अठरा तारखेला बंद व्हायचा होता. माझ्या तोंडून जे निघालं ते मी जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "कुणाला कळणारे?"

ते ल्यूंचं वाक्य होतं. माझ्या तोंडात ते सहज बसलं.

"मला कळलंय ना," मिस्त्री म्हणाला. "येताय का? सही तुमची आहे. मी एकटा गेलो तर परत थुंकेल."

आम्ही गेलो. काका देवघरासमोर बसले होते. कुंभापुढे भात, उकडलेली कोंबडी आणि पर्सिमॉनची फळं मांडली होती. मिस्त्रीने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. गोट्यावरच्या अर्ध्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे माझ्या बापाचं कोरणं आहे," ते म्हणाले. "त्याला 'छिऊ' कधी सरळ जमलं नाही, म्हणून तो खालून सुरुवात करायचा." मग त्यांनी कुंभाकडे पाहिलं. "म्हणजे सहा दिवस मी दुसऱ्या कुणाच्या आईला आई म्हणतोय."

मी म्हणालो, "चूक माझी आहे, काका. सही मी केली."

"तुझी सही घाल चुलीत. छत्री कुठंय?" ते उठले. खुब्यावर हात दाबत कुंभासमोर वाकले. "बाई, माफ करा. तुम्हाला उगाच फिरवलं. चला, परत पोचवतो. आणि तिंग-फा, हिचंही कोण आहे ते शोधशील ना?"

"शोधतोय," मिस्त्री म्हणाला.

"चपलेवर थुंकलो मी तुझ्या."

"धुतली."

शेडमध्ये अकराशे एकोणनव्वद खाली ठेवला आणि अकराशे शहाऐंशी उचलला. त्याच्या झाकणावर सिगारेटचा डाग होता. काकांनी तो बाहीने पुसला, गेला नाही. परत पुसला. माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं.

ओळखीचा तो कागद मागे घेण्याचा अर्ज मीच लिहिला. त्यावर मला लेखी ताकीद मिळाली. चौतीस वर्षांतली पहिली. ल्यूंना डिसेंबरमध्ये 'डिजिटल वारसा' कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि त्यांनी ते भिंतीवर, नव्या हिरव्या पाकिटाच्या वर, लावलं. चुंगबाई अजून तार उपटतात. त्याआधी अठरा नोव्हेंबरला बिननावाचे सत्तावीस कुंभ मनोऱ्यात गेले. अकराशे एकोणनव्वदसुद्धा. मिस्त्रीला तोपर्यंत तिचं कोण ते सापडलं नव्हतं. दंड परत करण्यासाठी मी टिपण दिलं होतं, ते 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून आलं. तो शेरा पूर्वी मीच मारत असे.

कुंभ बदलला त्या दुपारी काका आणि सून गेल्यावर मिस्त्री आणि मी शेडसमोरच्या गाड्यावर तांदळाच्या रुंद शेवया खायला बसलो. माझ्याकडे हजाराची नोट होती, गाडीवालीकडे सुटे नव्हते. माझ्या वाटीचे पासष्ट डॉलर मिस्त्रीने दिले. ते मी त्याला अजून दिलेले नाहीत.